एकेएपी७९

एकेएपी७९ हे मानवी पेशींमधील एक नांगर-प्रथिन आहे. संदेशवहनात भाग घेणाऱ्या अनेक विकरांना ते पेशीपटलाजवळ एका जागी बांधून ठेवते. एकेएपी हे ‘ए-कायनेज अँकरिंग प्रोटीन’ या नावाचे लघुरूप आहे. ज्या जनुकापासून हे प्रथिन तयार होते, ते एकेएपी५ या नावाने ओळखले जाते आणि मानवाच्या १४व्या गुणसूत्रावर असते. हेच प्रथिन गाय-बैलांमध्ये एकेएपी७५, तर उंदरांमध्ये एकेएपी१५० या नावाने नोंदले गेले आहे. चेतापेशींच्या संपर्कस्थानांवर ते विशेष विपुल असते. जीवाणूंकडून तयार करून घेतलेले त्याचे पुनःसंयोजित रूप प्रयोगशाळांमध्ये वापरले जाते.

नावातील ७९ हा आकडा फसवा आहे. जेलवरील विद्युत्-संचरणात हे प्रथिन ७९ किलोडाल्टन वजनाचे भासते. प्रत्यक्षात ते ४२७ अमिनो आम्लांचे असून त्याचे वजन सुमारे ४७ किलोडाल्टन भरते. त्याचा बराचसा भाग निश्चित घडी नसलेला, सैल असतो. असा सैल, आम्लधर्मी साखळीचा रेणू जेलमधून अपेक्षेपेक्षा सावकाश सरकतो.

== पार्श्वभूमी ==
चक्रीय एएमपी या दुय्यम संदेशवाहकाच्या शोधाशी निगडित कार्यासाठी अर्ल सदरलँड यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा संदेश मुख्यतः प्रथिन कायनेज ए (पीकेए) हे विकर कार्यान्वित करतो. पीकेएमध्ये दोन नियामक व दोन उत्प्रेरक उपघटक असतात. नियामक उपघटकांना चक्रीय एएमपी चिकटला की उत्प्रेरक उपघटकांवरील बंधन सुटते आणि ते इतर प्रथिनांना फॉस्फेट गट जोडू लागतात.

येथे एक कोडे उभे राहते. अनेक संप्रेरके एकाच पेशीत चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढवतात, तरी प्रत्येकाचा परिणाम वेगळा असतो. विकर पेशीभर मोकळे फिरत असते, तर हे घडणे कठीण होते. नांगर-प्रथिनांनी याचे उत्तर पुरवले: विकर कोणते काम करील, हे ते कोठे बांधलेले आहे यावरही ठरते.

== रचना व कार्य ==
एकेएपी७९च्या आरंभीच्या भागात धनभारित अमिनो आम्लांचे तीन पट्टे असतात. त्यांच्यामुळे ते पेशीपटलातील ऋणभारित मेदांना चिकटते. याच भागातील दोन सिस्टीनांना पाल्मिटिक आम्ल जोडले गेल्यास पकड आणखी घट्ट होते. शेवटाकडे एक छोटी सर्पिल घडी असून तिची एक बाजू जलविरोधी असते. पीकेएच्या नियामक उपघटकांची जोडी तेथे बसते. त्याच्या अलीकडे कॅल्सिन्युरिन हे फॉस्फेट काढणारे विकर पकडणारा छोटा अनुक्रम आहे. प्रथिन कायनेज सी हेही याच प्रथिनाशी जोडले जाते.

फॉस्फेट जोडणारे आणि काढणारे, अशी दोन्ही विकरे एकाच जागी बांधण्यात काय हशील, असा प्रश्न साहजिक आहे. संपर्कस्थानांवरील एएमपीए ग्राहींच्या बाबतीत त्याचे उत्तर स्पष्ट दिसते. पीकेए या ग्राहींच्या जीएलयूए१ उपघटकावर फॉस्फेट जोडते व कॅल्सिन्युरिन ते काढते. दोन्ही हाताशी असल्याने संपर्क बळकट किंवा क्षीण होण्याचा निर्णय झटपट फिरवता येतो. शिकणे व स्मरण यांच्या पेशीय अभ्यासात या प्रथिनाला महत्त्व आले ते यामुळेच.

== पुनःसंयोजित प्रथिन ==
मानवी जनुकाची प्रत प्लाझ्मिडमध्ये घालून ती ई. कोलाय जीवाणूत सोडली जाते. प्रथिनाच्या टोकाला सहसा हिस्टिडिनांची शेपटी जोडतात. ती निकेल असलेल्या स्तंभाला चिकटत असल्याने शुद्धीकरण सोपे होते. सैल साखळी जीवाणूंच्या प्रथिनभंजकांना सहज बळी पडते. त्यामुळे पुष्कळदा संपूर्ण प्रथिनाऐवजी हवा तेवढाच तुकडा बनवला जातो.

शुद्ध घटक ठरावीक प्रमाणात मिसळता येणे हा या पद्धतीचा खरा लाभ आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा प्रयोगांतून असे आढळले, की एकेएपी७९वर बांधलेले कॅल्सिन्युरिन पीकेएच्या नियामक उपघटकावरील फॉस्फेटही वेगाने काढते. फॉस्फेट गेलेला नियामक उपघटक उत्प्रेरक उपघटकाला अधिक घट्ट धरतो. म्हणजे कॅल्सिन्युरिन केवळ पीकेएने केलेले काम पुसत नाही, तर पीकेएलाच आवरते. जिवंत पेशीत असंख्य विकरे एकाच वेळी कार्यरत असल्याने हा परिणाम वेगळा काढणे अवघड होते.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. ई. कोलाय जीवाणू पाल्मिटिक आम्ल जोडत नाहीत आणि परीक्षानळीत पेशीपटल नसते. त्यामुळे अशा प्रथिनावरून बंधनाची ताकद व विकरांची गती मोजता येते. मात्र ते पेशीत कोठे राहते, हे ठरवण्यासाठी चेतापेशींमधील प्रयोगच करावे लागतात. तेथे पीकेएची जागा बळकावणारे एचटी३१ नावाचे लघुपेप्टाइड वापरले जाते. ते पीकेएला नांगरावरून सोडवते. मात्र ते एकट्या एकेएपी७९वर नव्हे, तर याच रीतीने पीकेए धरणाऱ्या इतर नांगर-प्रथिनांवरही परिणाम करते, हे निष्कर्ष काढताना लक्षात घ्यावे लागते.