वर्दी उतरल्यावरची लढाई

नागपूर ओलांडून पुढे गेले की कामठीची छावणी लागते. दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिची पहिली पलटण बेळगावात आणि दुसरी याच कामठीत भरती झाली. जवानांच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतल्या अनेक नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ती महार शिपायांची नावे.

इंग्रजांसाठी एवढे रक्त सांडूनही १८९२च्या सुमारास त्यांनीच महारांची भरती बंद केली. ‘लढवय्या जाती’ कोणत्या, हे आता साहेब ठरवू लागला होता. पण पलटणीने एक गोष्ट आधीच देऊन ठेवली होती: शाळा. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या घरी १८९१मध्ये महूच्या छावणीत भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, जन्मले. लिहितावाचता येणारे पेन्शनर गावोगाव परतले. त्यांतल्याच गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४मध्ये भरतीसाठी अर्ज लिहिला. १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७मध्ये १११ महार ही पलटण उभारली गेली. युद्ध सरले आणि १९२१मध्ये ती मोडीतही निघाली. गरज सरो, वैद्य मरो!

अमेरिकेतल्या काळ्या सैनिकांनीही हेच भोगले. ‘परदेशात विजय, घरातही विजय’ अशी हाक देत ते हिटलरविरुद्ध लढले. पण फेब्रुवारी १९४६मध्ये सैन्यातून सुटून घरी निघालेल्या आयझॅक वुडर्डचे डोळे पोलिसांनी मारहाण करून फोडले, आणि तेव्हा त्याच्या अंगावर वर्दी होती. त्याविरुद्ध देशभर संताप उसळला. जुलै १९४८मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला.

सेवेचे बक्षीस म्हणून हक्क मागितला की देणारा तो परतही घेतो. बाबासाहेबांनी हे ओळखले. १ जानेवारी १९२७ रोजी त्यांनी कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना दिली आणि २० मार्चला अस्पृश्यांना मज्जाव असलेले महाडचे चवदार तळे गाठले. तिथे पराक्रमाचा दाखला जोडलेला अर्ज नव्हता. शिपायाइतकाच, कधी बंदूक न धरलेल्या मजुराचाही त्या पाण्यावर अधिकार होता. राज्यघटनेच्या कलम १७ने अस्पृश्यता नष्ट केली, तीही कुणाची लष्करी सेवा न मोजता.