फाल्कन २००० : एका पंखाची वाटचाल आणि मराठवाड्याच्या धावपट्ट्या

फ्रान्सच्या दसॉ एव्हिएशन या कंपनीचे फाल्कन २००० हे दोन इंजिनांचे बिझनेस जेट ४ मार्च १९९३ रोजी प्रथम आकाशात झेपावले आणि तेव्हापासून त्याच्या सहा प्रमुख आवृत्त्या निघाल्या, तरी त्याच्या धडाचा घेर आणि पंखाचा मूळ आराखडा आजही तोच आहे. बिझनेस जेट म्हणजे वेळापत्रकाने तिकिटे विकून न चालवता एखाद्या उद्योगसमूहाने, शासनाने किंवा भाडेसेवेने आपल्या सोयीने वापरायचे लहान जेट विमान. त्याची प्रतवारी मुख्यतः पल्ल्यावरून, म्हणजे वाटेत इंधन न घेता ते किती लांब जाऊ शकते यावरून ठरते. १८ जून २०२५ रोजी पॅरिसच्या विमान प्रदर्शनात दसॉ आणि तिची भारतीय भागीदार कंपनी यांनी या मालिकेतील फाल्कन २००० एलएक्सएस हे संपूर्ण विमान नागपूरच्या मिहान प्रकल्पात जोडण्याचा निर्णय जाहीर केला. भारतात बांधलेले पहिले विमान २०२८ पर्यंत उडवण्याचे उद्दिष्ट असून फाल्कन विमानाची अंतिम जोडणी फ्रान्सबाहेर होण्याची ही पहिलीच वेळ असेल. नांदेड आणि लातूरच्या वाचकाने या विमानाची ओळख करून घ्यावी याची कारणे दोन आहेत: ते ज्या प्रकारच्या धावपट्टीसाठी सुधारत नेले गेले तशा धावपट्ट्या या दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि ते जोडण्यासाठी जे हात लागणार आहेत तेही येथे घडू शकतात.

या घराण्याचे मूळ १९६३ मध्ये सापडते. मार्सेल दसॉ यांची कंपनी तोवर लढाऊ विमानांसाठी प्रसिद्ध होती. त्या अनुभवावर तिने मिस्तेर २० हे छोटे प्रवासी जेट बांधले, त्याचे पहिले उड्डाण ४ मे १९६३ रोजी बोर्दोजवळच्या मेरिन्याक येथे झाले, आणि पॅन अमेरिकन कंपनीच्या वतीने पाहणीस आलेल्या विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या पसंतीनंतर अमेरिकेतून ४० विमानांची मागणी नोंदली गेली. अमेरिकी बाजारासाठी त्याला फाल्कन हे नाव मिळाले आणि तेच पुढे कायम झाले. १९७६ मध्ये उडालेल्या फाल्कन ५० ने तीन इंजिने आणि नव्या छेदाचा पंख आणला; या पंखावरून वाहणारी हवा ध्वनीच्या वेगाजवळही फारसा अडथळा निर्माण करीत नाही, त्यामुळे त्याच इंधनात विमान अधिक लांब जाते. १९८४ मध्ये उडालेल्या फाल्कन ९०० ने धड रुंद केले. तिसऱ्या इंजिनाचा उपयोग असा की महासागरावर एक इंजिन बंद पडले तरी दोन शिल्लक राहतात. परंतु त्याबरोबर वजन, इंधन आणि देखभालीचा खर्च वाढतो, हा त्याचा तोटा.

फाल्कन २००० ची कल्पना याच हिशेबातून निघाली. १९८० च्या दशकाअखेरीस टर्बोफॅन इंजिने पुरेशी भरवशाची झाली होती आणि बहुसंख्य ग्राहकांना महासागर ओलांडायचा नव्हता, त्यांना केवळ फाल्कन ९०० ची रुंद केबिन हवी होती. म्हणून दसॉने ९०० च्या धडाचा घेर जसाच्या तसा ठेवला, केबिनची लांबी सुमारे दोन मीटरने कमी केली, पंख ९०० चाच घेतला आणि इंजिने तीनऐवजी दोन केली. इंजिने बदलल्यामुळे शेपटीकडील भाग मात्र नव्याने आखावा लागला, कारण दोन इंजिने धडाच्या दोन्ही अंगांना असली की त्यांच्यामधून जाणारी हवा कोंडते आणि विमान मागे खेचले जाते. हा भाग योग्य प्रमाणात निमुळता करण्यासाठी अभियंत्यांनी दसॉच्याच कॅटिया या संगणकीय आरेखन प्रणालीचा आधार घेतला. केबिनची उंची १.८८ मीटर आणि रुंदी २.३४ मीटर असल्याने सरासरी उंचीचा माणूस तीत सरळ उभा राहू शकतो. नोव्हेंबर १९९४ मध्ये युरोपीय प्रमाणपत्र मिळाले आणि १९९५ मध्ये विमाने ग्राहकांच्या हाती गेली. या पहिल्या आवृत्तीचा पल्ला सुमारे ५,५०० किलोमीटर होता.

त्यानंतरचा पहिला मोठा बदल इंजिनाचा झाला. मूळ विमानावर सीएफई ७३८ ही इंजिने होती आणि त्यांचा प्रत्येकी रेटा सुमारे २६ किलोन्यूटन होता; २००१ मध्ये उडालेल्या फाल्कन २००० ईएक्सवर प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा कंपनीची पीडब्ल्यू ३०८ सी इंजिने आली, ज्यांचा रेटा ३१ किलोन्यूटनच्या आसपास आहे. रेटा वाढला म्हणून अधिक वजन उचलता आले, त्यामुळे अधिक इंधन भरता आले, आणि पल्ला सुमारे ७,००० किलोमीटरवर गेला. लवकरच याच आवृत्तीत ईझी नावाचे नवे कॉकपिट बसवले गेले, ज्यात सुट्या तबकड्यांऐवजी मोठ्या पडद्यांवर नकाशा, मार्ग आणि यंत्रांची स्थिती एकत्र दिसते. कमी पल्ल्याची डीएक्स ही आवृत्ती अल्पजीवी ठरली. एलएक्सने पंखाच्या टोकांना वर वळलेले विंगलेट जोडले: पंखाखालची अधिक दाबाची हवा टोकावरून वरच्या कमी दाबाकडे वळताना भोवरा तयार होतो आणि त्यात इंजिनाची शक्ती वाया जाते, विंगलेट हा भोवरा क्षीण करतात. एवढ्याने पल्ला ७,४०० किलोमीटर झाला.

या मालिकेच्या इतिहासातील सर्वांत बोलका अध्याय मात्र स्लॅटचा आहे. स्लॅट म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेची सरकती पट्टी. विमान सावकाश उडत असताना ती पुढे व खाली सरकते, तिच्या आणि पंखाच्या मधल्या फटीतून हवेचा वेगवान झोत पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर जातो आणि नाक बरेच वर उचलले तरी हवेचा प्रवाह पंखाला धरून राहतो. प्रवाह सुटला की उचल एकदम नाहीशी होते, यालाच वैमानिक स्टॉल म्हणतात. फाल्कन ९०० च्या पंखाला धडालगतच्या भागातही स्लॅट होते. फाल्कन २००० बांधताना हे आतले स्लॅट काढून टाकण्यात आले, कारण अभियंत्यांना पंख सोपा आणि हलका हवा होता. २०११ मध्ये फाल्कन २००० एस जाहीर झाले तेव्हा ते परत आणले गेले, आणि पुढे एलएक्सच्या मोठ्या पल्ल्याशी त्यांची सांगड घालून एलएक्सएस ही आवृत्ती सिद्ध झाली. पूर्वजाकडून घेतलेल्या पंखातला वगळलेला अवयव जवळपास दोन दशकांनी त्याच पंखात पुन्हा बसवणे आणि त्यासाठी नवे विमान न आखणे, यात या कंपनीची शिस्त दिसते आणि ती निःसंशय कौतुकास पात्र आहे. पूर्ण भाराने समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानात एलएक्सएसला उड्डाणासाठी सुमारे १,४२५ मीटर धावपट्टी पुरते, आणि उतरण्याचा कोन तीव्र ठेवावा लागणाऱ्या लंडन सिटी विमानतळावरही ते उतरू शकते.

मराठवाड्यात या आकड्यांचा अर्थ बदलतो. लातूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि मे महिन्यात तापमान ४२ अंशांपर्यंत जाते. अशा दुपारी तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या प्रमाण स्थितीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरते. विरळ हवेत इंजिन कमी रेटा देते आणि तेवढीच उचल मिळवण्यासाठी विमानाला जमिनीवर आठ-नऊ टक्के अधिक वेग गाठावा लागतो. उतरतानाही हाच वाढीव वेग राहतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ब्रेकना सुमारे १८ टक्के अधिक ऊर्जा जिरवावी लागते. नांदेड सुमारे ३८० मीटर उंचीवर असल्याने तेथे हा परिणाम काहीसा सौम्य आहे. दोन्ही धावपट्ट्या सुमारे २,३०० मीटर लांबीच्या आहेत, त्यामुळे ज्या विमानाला थंड हवेत दीड किलोमीटरहून कमी लांबी पुरते त्याला येथील उन्हाळ्यातही मोकळीक उरते. ज्या विमानाची गरज मुळातच दोन किलोमीटरच्या आसपास असते, त्याला मात्र अशा दुपारी इंधन किंवा प्रवासी कमी करावे लागतात.

पल्ल्याचा अर्थही नांदेडहून मोजल्यावर अधिक स्पष्ट होतो. सरळ हवाई अंतराने नांदेडपासून दुबई सुमारे २,४००, सिंगापूर ३,५००, इस्तंबूल ५,२०० आणि टोकियो ६,३०० किलोमीटर आहे. म्हणजे १९९५ चे फाल्कन २००० इस्तंबूलपाशी थांबले असते, तर आजचे एलएक्सएस टोकियो गाठू शकते. ७,३०० किलोमीटरवरचे पॅरिस कागदावर त्याच्या पल्ल्यात येते, पण समोरून येणारा वारा आणि राखीव इंधन लक्षात घेता कोणताही सुज्ञ वैमानिक वाटेत एक थांबा घेईल. अर्थात नांदेडला आंतरराष्ट्रीय विमानतळाचा दर्जा नसल्याने परदेशी उड्डाणाला सीमाशुल्क आणि पारपत्र तपासणीसाठी आधी मोठ्या विमानतळावर उतरावेच लागते.

या दोन जिल्ह्यांनी राज्याला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले, त्यामुळे येथील हवाईपट्ट्यांना खाजगी आणि शासकीय विमाने नवी नाहीत. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी विमानतळाचे सध्याचे रूप २००८ च्या गुरुता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने साकारले. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद हे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने रिलायन्स समूहाकडे गेले, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी प्रादेशिक हवाई सेवेच्या उडान योजनेच्या शुभारंभाच्या मार्गांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. त्यानंतर सेवा खंडित होत आणि पुन्हा सुरू होत राहिली. लातूरला तर नियमित सेवा रुजलीच नाही, आणि एवढी लांब धावपट्टी असताना असे व्हावे ही मराठवाड्याच्या नियोजनातील मोठी उणीव म्हटली पाहिजे.

नागपूरची कथाही याच रिलायन्स समूहाशी जोडलेली आहे. २०१६ मध्ये भारताने दसॉच्या ३६ राफेल लढाऊ विमानांचा करार केला, त्यातील ऑफसेट अटीनुसार करारमूल्याचा निम्मा हिस्सा भारतीय उद्योगात परत यायचा होता, आणि भागीदार म्हणून रिलायन्सच्या झालेल्या निवडीवरून देशात मोठा वाद झाला. त्या वादाचे राजकीय निष्कर्ष काहीही असोत, २७ ऑक्टोबर २०१७ रोजी पायाभरणी झालेल्या दसॉ रिलायन्स एरोस्पेसच्या कारखान्यातून २०१९ मध्ये फाल्कन २००० चा पुढचा भाग तयार होऊन बाहेर पडला, ही वस्तुस्थिती आहे.

हा पुढचा भाग, म्हणजे नाक आणि कॉकपिटचा सांगाडा, कसा जोडला जातो हे जवळून पाहण्यासारखे आहे. ॲल्युमिनियम मिश्रधातूचे दोन पत्रे चौकटीवर एकावर एक बसवून भोक पाडले जाते, पत्रे वेगळे करून भोकाच्या कडेवर उरलेला धातूचा बारीक कीस साफ केला जातो, मध्ये सीलंट लावून पत्रे पुन्हा एकत्र बसवले जातात आणि रिव्हेट घातला जातो. मग एक कामगार बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी हातोडी धरतो आणि दुसरा आतून पोलादी ठोकळा टेकवतो, म्हणजे रिव्हेटचे आतले टोक चपटे होऊन पत्रे घट्ट बसतात. दोघांपैकी एकाचा हात किंचित तिरका झाला तरी टोक वाकडे बसते आणि रिव्हेट काढून नवा घालावा लागतो. प्रत्येक उड्डाणात केबिन आतल्या हवेच्या दाबाने फुगते आणि उतरताना पूर्ववत होते. हजारो वेळा असे झाले की खरवडलेल्या भोकाच्या कडेपासून सूक्ष्म तडा सुरू होतो, म्हणून भोकाची सफाई ही या विद्येतील पहिली कसोटी असते. ज्या विमानाचे धड तीन दशके फारसे बदललेले नाही, त्याच्या जोडणीची प्रत्येक पायरी लिहून, मोजून आणि तपासून झालेली असते. असेच विमान नव्या देशात, नव्या हातांकडे सोपवता येते, आणि दसॉने नागपूरसाठी नव्या फाल्कन ६ एक्सची किंवा १०एक्सची अंतिम जोडणी न निवडता फाल्कन २००० ची निवड केली यामागे हेच कारण असले पाहिजे.

हे कौशल्य शिकवण्यासाठी नागपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दसॉच्या सहकार्याने विमानाचा सांगाडा आणि उपकरणे जोडणाऱ्या फिटरचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. अशा कामाची पार्श्वभूमी या दोन जिल्ह्यांतही आहे. लातूरमध्ये रेल्वे डबा कारखाना उभा आहे, तेथील पहिल्या डब्याचे कवच डिसेंबर २०२० मध्ये तयार झाले. नांदेडमध्ये १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. डब्याच्या पोलादी कवचाचे वेल्डिंग आणि विमानाच्या पत्र्याचे रिव्हेटिंग या दोन वेगळ्या विद्या असल्या, तरी मोजमापाची काटेकोर सवय दोन्हींत सारखीच लागते. २०२८ दूर नाही. नागपूरचा हा फिटर अभ्यासक्रम नांदेड आणि लातूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही सुरू व्हावा, ही मागणी या दोन जिल्ह्यांतील लोकप्रतिनिधींनी आणि पालकांनी आताच शासनाकडे लावून धरली पाहिजे.