शुक्रवारी दुपारच्या आत पोहोचावे

परदेशी स्थायिक झालेल्या शाळूसोबत्याच्या घरी एकट्यानेच जाऊन राहणे हा प्रवासाचा एक स्वतंत्र प्रकार मानावयास हवा. कारण आप्तांकडे गेले की मानपान आड येतात, यात्राकंपनीबरोबर गेले की वेळापत्रक आड येते, आणि हॉटेलात उतरणाऱ्यास त्या देशाचा दर्शनी भाग तेवढा दिसतो, आठवडा दिसत नाही. हा आठवडा पाहावयाचा तर कोकणच्या माणसास इस्राएलइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. अलिबाग, पेण, रोहे, रेवदंडा या भागांतील शाळांत आमच्या पिढीबरोबर एका बाकावर बसलेली, बेने इस्राएल या ज्यू समाजातील कितीतरी मुले पुढे त्या देशी रवाना झाली, आणि माझी मैत्रीण त्यांपैकीच एक.

या समाजाचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसे शनिवारी धर्मनियमाची विश्रांती पाळून घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, या रीतीने त्यांची आडनावेही याच मातीतून आली. 1796 साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले; अलिबागच्या इस्राएल आळीतले मंदिर आजही आहे. 1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर स्थलांतरास आरंभ झाला, परंतु तेथील स्वागत सर्वस्वी निर्वेध नव्हते. साठीच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने यांच्या विवाहप्रसंगी वंशाची विशेष चौकशी करण्याचा हुकूम काढला; त्यावर समाजाने उपोषणे व निदर्शने केली, आणि अखेर 1964 साली सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू म्हणून त्यांना मान्यता मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळून आलेल्या लोकांना शनिवारच्याच देशात आपली कैफियत मांडावी लागली, हे ध्यानात असले म्हणजे त्या घरांतील शनिवारचा कडकपणा आणि त्यामागचा अभिमान दोन्ही नीट समजतात.

माझी मैत्रीण दिमोना येथे राहते. नेगेवच्या वाळवंटात 1955 साली वसवलेले हे गाव. तिथल्या कापडगिरण्यांत कामास लागलेल्या भारतीय कुटुंबांमुळे आजही तिथल्या वाणसामानाच्या दुकानांत मसाले आणि डाळी मिळतात. एकट्या प्रवाशास तेथवर जाण्यात अवघड असे काही नाही. बेन गुरियन विमानतळावरून आगगाडीने तेल अवीवमार्गे बेर शेव्हा गाठावे आणि पुढे बस धरावी. मात्र विमानतळावर, आणि कित्येकदा विमानात चढण्यापूर्वीच, एकट्या परदेशी माणसाची जबानी बारकाईने घेतली जाते: कोणाकडे चाललात, ओळख कशी, शेवटची भेट केव्हा झाली? 'आम्ही एका शाळेत होतो' हे उत्तर खरे असले तरी अधिकाऱ्यास अपुरे वाटते. म्हणून मैत्रिणीचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि तिचे निमंत्रणपत्र हाताशी असावे, आणि प्रश्न उलटसुलट विचारले गेले तरी चिडू नये.

भेटवस्तूंची तजवीजही विचारपूर्वक करावी. आपल्या स्वयंपाकघरात केलेले लाडू तिथे न्यावेत असे कोणासही वाटेल. परंतु ज्या घरी धर्मनियमांप्रमाणे मांसाची व दुधाची भांडीसुद्धा वेगळी असतात, आणि मांसाहारानंतर कित्येक तास दूध वर्ज्य असते, तिथे परक्या चुलीवरचा पदार्थ आला की यजमानास नाही म्हणणे जड जाते आणि हो म्हणणे त्याहून जड. सुकी आमसुले, तिरफळे किंवा एखादा दिवाळी अंक अशा संकटाबाहेरचे आहेत. याच नियमापोटी या समाजाच्या मांसाच्या रश्श्यात दुधादह्याऐवजी नारळाचे दूध पडते, आणि त्यामुळेच वाळवंटातील ताटातही पहिल्या घासाला अलिबागची ओळख पटते.

येण्याची तारीख कळवताच तिने मला बजावले होते, "अगं, काहीही कर, पण शुक्रवारी दुपारच्या आत घरात ये, नंतर बस नाही." हे शब्दशः खरे आहे. शुक्रवारी सूर्यास्ताच्या कित्येक तास आधीच बस आणि आगगाड्या थांबतात, त्या शनिवारी रात्री पुन्हा सुरू होतात. हैफासारखे अपवाद सोडले तर देशभर हाच प्रकार. दुपारपर्यंत घरात धांदल असते, कारण दिवे उजळल्यावर चूल पेटवावयाची नाही. मग मेणबत्त्या लागतात, प्याल्यावर आशीर्वाद म्हटला जातो (कोकणात द्राक्षमद्य दुर्मीळ असल्याने मनुकांचे सरबत वापरीत), आणि त्यानंतरचा संपूर्ण दिवस कोणत्याही कामाचा नसतो.

दोन शाळूसोबतिणींना याहून सोयीची वेळ कोणती? रविवार ते गुरुवार तिचे घर कामाच्या ओढीत असते, आणि तेव्हा पाहुण्याने स्वतःची वाट धरणे हाच खरा शिष्टाचार; बसने जेरुसलेम गाठावे, समुद्रसपाटीहून चारशेहून अधिक मीटर खोल असलेला मृत समुद्र पाहावा, मसादाचा डोंगरी कोट चढावा. एकटेपणाचा खरा उपयोग इथे होतो, कारण कोणास बरोबर घेऊन फिरवण्याचा भार यजमानावर पडत नाही. शनिवारी मात्र घराबाहेर पडूच नये. नातवंडे आपसांत हिब्रू बोलत असतात, आणि ज्या मराठीत आम्ही शाळेत भांडलो त्या मराठीत बोलणारे तिच्या भोवती दरवर्षी कमी होत चालले आहेत. तेव्हा पाहुण्याने नुसते बसून गप्पा मारणे हीच त्या घराची मोठी गरज असते.

म्हणून परदेशातील जुन्या सोबत्याकडे जाऊ इच्छिणाऱ्याने, मग तो देश कोणताही असो, तिकीट काढण्यापूर्वी त्या घराचा आठवडा कसा चालतो, रिकामा दिवस कोणता आणि घाईचा कोणता, याची चौकशी आधी करावी. प्रेक्षणीय स्थळांची यादी मागाहूनही करता येते.