भूकंपाची साक्ष

आमचे टोंकखुर्द माळव्याच्या पठारावर. देवास जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून नर्मदा वाहते. तिच्या खोऱ्याखाली भूकवचातील फार जुने तडे आहेत. पण हिमालय येथून कितीतरी दूर! मग या खडकांवर ताण कशाचा? याचे उत्तर भूकंपच देतात असे वाचले, तेव्हा त्याची रीत समजून घ्यावीशी वाटली.

खडक तड्यावर सरकला की पहिली लहर काही वेधशाळांत जमीन वर ढकलते, तर काहींत खाली ओढते. या 'ढकल' आणि 'ओढ' नोंदी नकाशावर मांडल्या की त्यांचे चार भाग पडतात. त्यांवरून दाबाची दिशा काढता येते.

कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी खडक एकमेकांना घासून आडवे सरकले. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी आणि जबलपूरला २२ मे १९९७ रोजी एक बाजू दुसरीवर चढली. दाब ढोबळमानाने उत्तर-दक्षिणच! भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाशी अडतो. तो रेटा मागे दख्खनपर्यंत जाणवतो.

या अभ्यासातून भूकंपाची तारीख कळत नाही. परंतु पठार निर्धास्त नाही, एवढे निश्चित कळते. किल्लारीत पहाटेच्या झोपेत हजारो माणसे दगडमातीच्या जड भिंतींखाली गेली. दारा-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घालणे, हा उधळा खर्च नव्हे; तो शहाणपणाचा हिशेब आहे.