मार्टिनची खिडकी

वार्धक्यांतील एकाकीपणा केवळ माणसें दुरावल्यामुळेंच येतो, असें नाहीं. भोंवतीं माणसें असूनहि त्यांच्याशीं आपला कांहीं संबंध उरला नाहीं असें वाटणें, हें त्याचें खरें स्वरूप होय. या अवस्थेचें चित्रण पुष्कळ कथाकारांनीं केलें आहे. तींतून बाहेर पडण्याची वाट दाखविणारे मात्र थोडे. लिओ टॉल्स्टॉयची १८८५ मधील 'जेथें प्रेम, तेथें देव' ही कथा त्या थोड्यांपैकीं एक आहे. तिचें मूळ रूबेन सायांस या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या गोष्टींत आहे. टॉल्स्टॉयनें तिला रशियन रूप दिलें.

कथेचा नायक मार्टिन आव्देइच हा एक वयस्क मोची. तळघरांतील त्याच्या खोलीला रस्त्याकडची एकच खिडकी असून तींतून येणाऱ्याजाणाऱ्यांचीं पावलें तेवढीं दिसत. आसपासचे बहुतेक जोडे त्याच्या हातांखालून गेलेले; त्यामुळें जोड्यांवरूनच तो माणसें ओळखी. बायको पूर्वींच वारलेली. लहानाचा मोठा केलेला मुलगा हाताशीं येतो न येतो तोंच आठवड्याच्या आजारानें गेला. मार्टिननें देवाला दूषण दिलें, प्रार्थनामंदिरांत जाणें सोडलें आणि तो मरण मागूं लागला.

त्याच्यांतील पालट एका क्षणांत होत नाहीं. यात्रेहून परतलेला एक वृद्ध गांवकरी त्याला सांगतो कीं, स्वतःच्या सुखासाठीं जगूं पाहिल्यानेंच ही निराशा आली आहे. मार्टिन मोठ्या अक्षरांतील नवा करार विकत घेतो. प्रथम सुटीच्या दिवशीं, पुढें रोज रात्रीं वाचूं लागतो. एके रात्रीं अर्धवट झोपेंत, उद्यां आपण येणार असल्याचें सांगणारा ख्रिस्ताचा आवाज त्याला ऐकूं येतो.

दुसऱ्या दिवशीं अनोळखी जोडा दिसला, कीं मार्टिन वांकून वरचा चेहराहि पाहतो. कथेचें मर्म या लहानशा हालचालींत आहे. बर्फ काढून थकलेल्या म्हाताऱ्या स्तेपानिचला तो चहा पाजतो. उन्हाळी कपड्यांत कुडकुडणाऱ्या लेंकुरवाळीला जेवूं घालतो, जुना कोट देतो आणि गहाण शाल सोडविण्यासाठीं पैसे देतो. सफरचंद चोरणारा पोर व त्याला मारणारी विक्रेती म्हातारी यांची तो समजूत घालतो. अखेर तोच पोर तिचें ओझें खांद्यावर घेतो. ख्रिस्त कोठेंच दिसत नाहीं. रात्रीं मार्टिनला उमगतें कीं, या सर्वांच्या रूपानें तोच येऊन गेला.

चार वर्षांनीं, १८८९ मध्यें, चेखॉव्हनें 'कंटाळवाणी गोष्ट' लिहिली. तींतील ६२ वर्षांच्या वैद्यकाच्या प्राध्यापकापाशीं कीर्ति, कुटुंब, विद्या सर्व कांहीं आहे. परंतु त्यांना एकत्र गुंफणारा विचार नाहीं. ज्या कात्याचा त्यानें प्रतिपाळ केला, ती आतां काय करावें असें विचारते, तेव्हां त्याच्याजवळ उत्तर नसतें. चेखॉव्हचें चित्र निर्दय, तरीहि खरें आहे. पण मार्टिनपाशींहि मोठें उत्तर कोठें होतें? त्याच्याजवळ चहा होता, कोबीचें सार होतें, एक जुना कोट होता. मुलगा परत येत नाहीं, खिडकीहि मोठी होत नाहीं. बदलते ती पाहणाऱ्याची दृष्टि.