भाषणाला विषय कोणता घ्याल?

वक्तृत्वस्पर्धा आली की ‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा विषय हमखास निवडला जातो. तो एवढा अवाढव्य, की पाच मिनिटांत स्वतःचे असे काही सांगताच येत नाही.

मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. विषय एकच : मेणबत्ती!

तुम्हीही थंड, कोरडा स्टीलचा पेला ज्योतीच्या वर क्षणभर उपडा धरून पाहा. आत दव धरते. आगीतून पाणी कोठून आले? मेणातील हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला, म्हणून.

विषय निवडताना एवढेच पाहा : वस्तू साधी असावी, सर्वांसमोर दाखवता यावी आणि तिच्याविषयीचा एखादा प्रश्न तुम्हांला खरोखर पडलेला असावा.