समासातील अनोळखी वाचक

ग्रंथालयातून आणलेल्या किंवा जुन्या बाजारात घेतलेल्या ग्रंथाची पाने उलटताना एखाद्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ दिसते, एखाद्या शब्दावर बारीक अक्षरात अर्थ लिहिलेला असतो. हा वाचक कोण असावा, तो नेमका येथेच का थांबला, असे कुतूहल सहज जागे होते. त्याचे नाव-गाव बहुधा कधीच कळत नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकाला त्याच्या नावापेक्षा त्याचे अडखळणेच अधिक मोलाचे असते. कारण ज्या शब्दाचा अर्थ लिहून ठेवावा लागला, तो शब्द त्या वाचकाच्या बोलीतून गेलेला होता, अथवा तिच्यात कधी आलेलाच नव्हता.

प्राचीन आयरिश भाषेचे व्याकरण तर मुख्यतः अशाच टिपांवर उभे आहे. या भाषेतील कथा-काव्ये पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या उपलब्ध पोथ्या बहुतांशी इ. स. ११०० च्या सुमाराच्या व त्यानंतरच्या असून, मधल्या लेखनिकांनी जुनी रूपे आपल्या काळास अनुसरून बदलली आहेत. उलट, आठव्या-नवव्या शतकांतील आयरिश मठवासीयांच्या काही लॅटिन पोथ्या वुर्त्सबुर्ग, मिलान, सेंट गालेन येथील संग्रहांत राहिल्या. त्यांच्या ओळींमध्ये व समासात लॅटिन शब्दांचे अर्थ आयरिश भाषेत लिहिलेले होते. ती भाषा न जाणणाऱ्यांच्या हाती पडल्यामुळे या टिपा कोणी 'सुधारल्या' नाहीत. योहान कास्पार त्सॉइस याने त्यांचा कसून अभ्यास केला आणि त्यांच्या आधारे १८५३ मध्ये 'ग्रामातिका केल्तिका' हा ग्रंथ सिद्ध केला. सेंट गालेनच्या एका पोथीत, प्रिस्कियनच्या लॅटिन व्याकरणावर, ९००० हून अधिक टिपा असून त्यांतील सुमारे एक तृतीयांश आयरिश आहेत. त्यांतील पुष्कळ आधीच्या पोथ्यांवरून उतरलेल्या असल्याने प्रत्येक टीप त्याच हाताची नव्हे. मात्र व्याकरणाशी काडीचाही संबंध नसलेला एक शब्द तेथे ओगम लिपीत लिहिलेला आहे. त्याचा अर्थ अतिमद्यपानाने आलेली ग्लानी. क्रियापदांची रूपे पडताळणाऱ्या अभ्यासकाला हा मनुष्य अवचित भेटतो.

मराठीतही मूळ ग्रंथाची भाषा अशीच लेखनिकांच्या हातून बदलत आली. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधील. ग्रंथकाराच्या काळची प्रत उपलब्ध नाही. पाठांतरांमुळे ग्रंथ अशुद्ध झाला म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली व तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. ही मिसळ होण्याचा एक मार्ग समासातूनच जातो. पोथीतील चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावीत (वाक्प्रचारातील 'हरताळ फासणे' ते हेच) आणि गळलेली अक्षरे काकपदाची खूण करून समासात लिहीत. वाचकाने लिहिलेला अर्थही त्याच समासात असे. पुढच्या लेखनिकास या दोहोंतील भेद उमगेलच असे नाही. अर्थालाच गळलेला पाठ समजून तो ओळीत बसवी. अशा रीतीने अनोळखी वाचक ग्रंथकाराच्या शेजारी जाऊन बसतो, आणि संपादकाला त्याला तेथून उठवावे लागते.

छापील ग्रंथात हा धोका उरला नाही. पुरावा मात्र उरला. ज्ञानेश्वरीच्या एखाद्या जुन्या छापील प्रतीत 'येर' या शब्दावर 'दुसरा' आणि 'आथि' वर 'आहे' असे लिहिलेले असेल, तर मुद्रणवर्षामुळे त्या टिपेच्या काळाची एक मर्यादा तरी निश्चित होते. पुढील निष्कर्ष जपूनच काढावे लागतात. पहिल्या तीस पानांवर टिपा आणि नंतर समास कोरा, याचा अर्थ वाचकाने ग्रंथ सोडला असा होईल, किंवा त्याला ती भाषा येऊ लागली असाही होईल. परीक्षेसाठी मारलेल्या रेघा शब्दाची दुर्बोधता दाखवीत नाहीत, फार तर अध्यापकाची आवड दाखवितात. शिवाय एकाच प्रतीत दोन-तीन हात असतात. शाई व अक्षरवळण पाहून ते वेगळे केल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही.

असा अभ्यास प्रत्येक प्रत हाती घेऊनच करावा लागतो. ग्रंथसूचीत लेखक, आवृत्ती, पृष्ठसंख्या यांची नोंद असते. समासातील लेखनाची क्वचितच. पुन्हा बांधणी करताना कडा कापल्या की टिपांची टोके जातात. आणि एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींपैकी एक काढून टाकावयाची वेळ आली, की कोरी प्रत ठेवून लिहिलेली रद्दीत घालण्याकडेच सामान्यतः कल असतो.